विजूताईंनी नाकारलेली गाडी

गाडी कुणाकडे शिकलीस, असं आजही कुणी विचारलं तर मी पटकन विजूताईंचं नाव सांगते. सांगताना मान जरा ताठ होते. आणि नाव तोंडातून बाहेर पडलं की लगेच डोकं तापतं. दोन्ही खरं आहे, काय करणार. त्यांच्यासारखं शिकवणारं माणूस मी पाहिलं नाही, आणि त्यांनी माझ्याशी जे केलं तेही दुसऱ्या कुणी केलेलं नाही.

विजया सोनटक्के. मूळच्या नगरच्या. आम्ही मेलबर्नला येऊन वेरिबीत घर घेतलं तेव्हा त्यांना इथे वीसेक वर्षं झाली असतील. "मिस्टर परत गेले, मी राहिले," एवढ्यात त्या आपला सगळा संसार सांगून मोकळ्या व्हायच्या, आणि पुढे काही विचारायची कुणाची टाप नव्हती. ठेंगणी, रुंद बाई. कॉटनचा कुर्ता, त्यावर बारा महिने तेच बिनबाह्यांचं फुगीर जॅकेट, पायात पुरुषी स्नीकर्स. जॅकेटच्या एका खिशात बडीशेप आणि दुसऱ्यात भाजलेले शेंगदाणे. विद्यार्थिनीने राउंडअबाउट नीट घेतला तर शेंगदाणे मिळायचे, चुकवला तर नुसती बडीशेप. मी पहिला महिनाभर बडीशेपच खाल्ली.

नवऱ्याबरोबर डिपेंडंट व्हिसावर आलेल्या आम्हा बायकांची इथे काय अवस्था असते ते सांगायला नको. पुण्यात मी कॉलेजपासून स्कूटर चालवली, लॅबमध्ये माझ्या हाताखाली माणसं होती, आणि इथे आल्यावर दुधाची पिशवी आणायची तरी निखिल कधी येतोय याची वाट बघत बसायचे. निखिल म्हणजे माझा नवरा, आयटीवाला. स्वभावाने बरा. त्याने मला गाडी शिकवायचा प्रयत्न केला होता. दोन वेळा बाहेर पडलो, आणि दोन्ही वेळा परत येताना गाडीत कुणी कुणाशी बोलत नव्हतं. मग शेजारच्या बाईंनी विजूताईंचा नंबर दिला.

पहिल्या दिवशी त्यांनी गाडी सुरूच करू दिली नाही. किल्ली स्वतःच्या मुठीत धरली आणि मला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. सीट पुढे घे म्हणाल्या, मग मागे घे, मग उंच कर. आरसे लाव. आरसा लावताना माझा हात केसांकडे गेला तर म्हणाल्या, "आरसा मागच्या ट्रकसाठी आहे. केस घरी बघायचे." मग विचारलं, नवऱ्याच्या गाडीत सीट कुठे लावतेस? मी म्हटलं, मी लावत नाही, ती असते तशीच असते. त्यांनी नुसती मान हलवली. तासभर मी त्या उभ्या गाडीत बसून राहिले, आणि तेवढ्यासाठी पूर्ण तासाची फी घेतली बाईने. घरी येऊन मी निखिलला सांगितलं तर तो पोट धरून हसला. पण दुसऱ्या दिवशी मी त्या सीटवर बसले तेव्हा माझे हात कापले नाहीत, हे मात्र खरं.

त्यांची दुसरी तऱ्हा म्हणजे बोलायला लावणं. गाडी चालवताना जे जे दिसतं ते मोठ्याने म्हणायचं, आणि तेही मराठीत. इंग्रजीत म्हटलं की तुम्ही पाठ केलेलं म्हणता, असं त्यांचं म्हणणं. मग आम्ही वेरिबीच्या रस्त्यांवरून बडबडत जायचो. समोर पांढरी यूट आहे, मागे उघडा हौदा असलेली, ब्रेकचा लाल दिवा लागलाय, डावीकडे बाबागाडीवाली बाई आहे, तिचं लक्ष नाही, मी वेग कमी करतेय. गप्प झालीस की विजूताई मांडीवर टिचकी मारायच्या: "बोल. गप्प बसलीस म्हणजे बघत नाहीयेस." मागून कुणी हॉर्न वाजवला तर त्या खिडकीतून हात काढून "नो वरीज, मेट," म्हणत सुटायच्या आणि इकडे मला सांगायच्या, घाई त्याला आहे, तुला नाही.

त्यांच्या पायापाशी एक जादा ब्रेक होता, शिकवणाऱ्यांच्या गाडीत असतो तसा. त्याचा त्यांना भारी अभिमान, म्हणजे तो न दाबल्याचा. कितीही घोळ झाला तरी त्या पाय मागे घेऊन बसायच्या. ज्या बाईचा ब्रेक दुसरं कुणी दाबतं तिला कधीच गाडी येत नाही, असं म्हणायच्या. हे वाक्य मी कितीजणींना ऐकवलंय देव जाणे.

लायसन्स मिळालं की संपलं असं नव्हतं. मग डँडेनॉन्ग. ही विजूताईंची स्वतःची परीक्षा. वेरिबी शहराच्या एका टोकाला, डँडेनॉन्ग दुसऱ्या टोकाला, मध्ये तो वेस्ट गेटचा उंच पूल आणि त्यावर जीव खाऊन धावणारे ट्रक. तिथल्या फॉस्टर स्ट्रीटवर, आपल्या भारतीय दुकानांच्या रस्त्यावर जाऊन विजूताईंसाठी मेथीची जुडी आणायची, एकटीने. वेरिबीत मेथी मिळत नाही अशातला भाग नाही, ढीगभर मिळते. पण वेरिबीची मेथी त्या हातात घेत नसत.

आमच्यातली एक, तिला इथे माधवी म्हणू, पुलाला फार घाबरायची. तिने नवऱ्याला मागच्या सीटवर आडवं झोपवून नेलं. मेथी आणली, दोघं मिळून विजूताईंच्या घरी द्यायला गेली, ताईंनी कौतुक केलं, चहा टाकला. मग सहज विचारलं, गाडी लावायला जागा कुठे मिळाली गं? माधवी आठवत राहिली आणि तिचा नवरा बिस्किट खाता खाता म्हणाला, अहो मंदिराच्या मागे, गल्लीत, नशीबच म्हणायचं. चहा तसाच राहिला. विजूताईंनी मेथी पिशवीत घालून माधवीच्या हातात परत दिली आणि पुढच्या शनिवारी परत जा म्हणून सांगितलं. ती गेली. एकटी. आता ती फोर्कलिफ्ट चालवते. मी माझी मेथी पहिल्याच फेरीत आणली होती. विजूताईंनी तिचे ठेपले करून मलाच खायला घातले, आणि मी त्यांच्या स्वयंपाकघरात उभी राहून रडले, कारण पुण्याहून आल्यापासून मला कुणी शाबास म्हटलं नव्हतं.

जुन्या गाड्यांवर कौल द्यायचं कामही ओघाने त्यांच्याकडे आलं. आपल्या लोकांत कुणालाही सेकंडहँड गाडी घ्यायची तर 'एकदा विजूताईंना दाखवू' हे ठरलेलं. आता मेकॅनिक असतात, फी भरली की येऊन तपासून जातात, सगळं लेखी देतात. पण ताईंनी बघितल्यावर परत मेकॅनिक बोलावायचा म्हणजे ताईंवर अविश्वास दाखवल्यासारखं. तसं कुणी करत नसे. त्या सकाळी लवकर जायच्या आणि विकणारा दारात यायच्या आधी बॉनेटवर तळहात ठेवायच्या. एकदा टार्नीटमध्ये एक माणूस गोड गोड बोलत बाहेर आला, गाडी म्हणजे मोती आहे म्हणाला. विजूताईंचा हात बॉनेटवरच होता. त्यांनी त्याला इथल्या लाडिक पद्धतीने विचारलं, "डार्ल, सकाळी कुठे जाऊन आलास?" कुठेच नाही म्हणाला. मग ही गरम का? गार असताना सुरू होत नव्हती म्हणून त्याने आधीच चालू करून ठेवली होती. ताईंनी आम्हाला "चला गं" म्हटलं, आणि आम्ही निघालो. त्यांचा शब्द कधी चुकला असं मला आठवत नाही. हे लक्षात ठेवा.

आणि एक गोष्ट सांगायला हवी. ज्या हिवाळ्याचं मी सांगणार आहे त्याच्या आदल्या वर्षी विजूताईंच्या दोन विद्यार्थिनी नवऱ्याचं घर सोडून गेल्या. दोघींची कारणं चांगली भक्कम होती, सगळ्यांना माहीत होती. पण गणपतीच्या जेवणाच्या रांगेत एक गृहस्थ मोठ्याने म्हणाले की सोनटक्केबाईंकडे बायको पाठवली की आधी लायसन्स काढते आणि मग बॅग भरते. लोक हसले. विजूताई त्याच रांगेत, ताट हातात धरून उभ्या होत्या. त्याही हसल्या. मला तेव्हा त्यांचा अभिमान वाटला होता. बघा, हिला काही लागत नाही, असं वाटलं होतं.

त्यानंतरच्या मे महिन्यात मला नोकरी लागली. नुसती नोकरी नव्हे, माझी नोकरी. इथे आल्यापासून मी एका वेअरहाउसमध्ये खोकी भरत होते, कारण प्रत्येक लॅब मला इथला अनुभव मागायची आणि अनुभव द्यायला कुणी तयार नव्हतं. परीक्षा दिल्या, डिग्री मान्य करून घेतली, अर्ज करून करून बोटं झिजली. शेवटी बालारॅटच्या हॉस्पिटलमधल्या लॅबने हो म्हटलं. शिफ्ट सकाळी सातची. जूनपासून, म्हणजे इथल्या हिवाळ्याच्या तोंडावर, हजर व्हायचं.

बालारॅट वेरिबीपासून तासाभराहून जास्त. त्या वेळेला पोचवणारी ट्रेन नाही. रस्ता बॅकस मार्श गावापुढे डोंगर चढतो, आणि हिवाळ्यात तिथे पहाटे धुकं असतं, गवत पांढरं झालेलं असतं, आणि कधी कधी रस्त्यावर बर्फाचा असा पातळ थर धरतो की डोळ्यांना दिसतच नाही, गाडी घसरली की मगच कळतं. घरात गाडी एकच, ती निखिलची. अन्वीला, आमच्या लेकीला, चाइल्डकेअरमध्ये सोडून तो त्याच गाडीने ऑफिसला जायचा. नवी दुसरी गाडी आम्हाला झेपणारी नव्हती. म्हणजे मला एक स्वस्तातली जुनी गाडी हवी होती, जी हिवाळाभर पहाटे डोंगर चढेल. ती मिळाली तर नोकरी, नाही तर खोकी. इतकं सरळ होतं.

गाडी मिळालीही. हॉपर्स क्रॉसिंगमधल्या जोन नावाच्या म्हाताऱ्या बाईची. निवृत्त शिक्षिका, गुडघ्यांमुळे गाडी चालवणं सोडलेलं. चंदेरी, छोटी, वयाने चांगली जुनी, पण गॅरेजमध्ये झाकून ठेवलेली. डिकीत घडी केलेलं ब्लँकेट आणि काचेवरचं हिम खरवडायचं प्लॅस्टिक. मला ती पाहताक्षणी आवडली. निखिल मात्र कुरकुरायला लागला. इतकी जुनी गाडी, हिवाळा, अंधार, हायवे, रस्त्यात बंद पडली तर? फोनला रेंज नसली तर? सलग चार रात्री भांडण. शेवटी मीच तोडगा काढला. म्हटलं, विजूताईंना दाखवू. त्या हो म्हणाल्या तर घ्यायची, नाही म्हणाल्या तर मी परत विषय काढणार नाही. निखिल म्हणाला, नक्की? मी म्हणाले, नक्की. मी अगदी हसत म्हणाले, कारण मला माहीत होतं की गाडी चांगली असेल तर जगात एक बाई अशी आहे जी ते स्वच्छ सांगेल.

रविवारी सकाळी विजूताई आल्या. बॉनेटवर हात ठेवला. गार होतं. गाडी एका झटक्यात सुरू झाली. हीटर लावला, काचेवरचं धुकं बघता बघता गेलं. कार्पेट उचलून वास घेतला. मग बॉनेट उघडून त्या बराच वेळ वाकून उभ्या राहिल्या. जोन दारात उभी होती, मी शेजारी. विजूताई सरळ झाल्या, रुमालाने हात पुसत राहिल्या.

"नको," त्या म्हणाल्या. "हेड गास्केट गेलंय. महिन्याभरात इंजिन बसेल. डोंगरात उभी करील तुला."

मी म्हटलं, पण आवाज तर छान आहे. त्या म्हणाल्या, आवाजाने काय कळतं. जोनला त्यांनी काय सांगितलं ते मी ऐकलं नाही, मी गाडीत जाऊन बसले होते. परत येताना त्यांनी मला शेंगदाणे दिले. मी घेतलेही. दुसरी मिळेल म्हणाल्या, धीर धर म्हणाल्या. पण शुक्रवारपर्यंत हॉस्पिटलला उत्तर द्यायचं होतं, आणि आमच्या आवाक्यातली दुसरी गाडी मिळाली नाही. जी मिळाली ती पुढच्याच सिग्नलला धूर सोडत होती, तिला नको म्हणायला विजूताई लागत नव्हत्या. मी नाही कळवलं. फोन ठेवला तेव्हा अन्वीने विचारलं, "मम्मा, सो नो कार?" मी म्हटलं, नो कार. निखिलने त्या दिवशी स्वतःहून भांडी घासली. किती समजूतदार नवरा, असं मला वाटलं.

तो हिवाळा मी खोकी भरली, आणि त्याच्या पुढचा अर्धाही. मधून मधून विजूताई डबा पाठवायच्या. मी त्यांना जपलं उलट. तुम्ही माझा जीव वाचवलात, असं एकदा म्हटलं होतं मी त्यांना. अशी मी.

मग एकदा वेरिबीच्या बाजारात, जुन्या कपड्यांच्या एका चॅरिटीच्या दुकानात अन्वीसाठी स्वेटर शोधत होते, तर काउंटरवर जोन. तिथे आठवड्यातून एकदा बसते म्हणाली. तिने मला ओळखलं. नवी गाडी कशी आहे तुझी, म्हणून विचारलं. कुठली नवी गाडी? तर म्हणे, तुझ्या बाईंनी सांगितलं होतं ना, तुझ्या नवऱ्याने तुला नवी घेऊन दिली म्हणून तुला माझी नकोय. मी हातातल्या स्वेटरची घडी घातली. ती आपली बोलतच होती. बरं झालं म्हणाली, कारण पुढच्याच आठवड्यात तुझ्या बाई दुसऱ्या मुलीला घेऊन आल्या, प्रज्ञा तिचं नाव, फार गोड मुलगी, ख्रिसमसला मला केक आणून दिला. बालारॅटला नर्सिंग होममध्ये कामाला आहे, दोन्ही हिवाळे त्याच गाडीने जाते-येते. फक्त बॅटरी बदलली बघ, असं जोन अभिमानाने म्हणाली.

प्रज्ञाला मी ओळखत होते. नागपूरची, बुद्धविहारातल्या कार्यक्रमांना भेटायची, युनिव्हर्सिटीत शिकता शिकता काम करणारी. एकटी राहणारी. स्वेटर तिथेच ठेवून मी बाहेर आले. सरळ विजूताईंकडे गेले.

त्या मागच्या अंगणात लिंबाच्या झाडाखाली बसून मुळ्याची भाजी निवडत होत्या. मी उभ्या उभ्याच म्हटलं, जोन भेटली होती. त्यांचा हात थांबला.

"बस," त्या म्हणाल्या.

"हेड गास्केट गेलं होतं ना?"

"नव्हतं."

इतक्या सहज म्हणाल्या. मी काहीतरी खोटं ऐकायची तयारी करून गेले होते, माणूस चुकतो, वय झालं, असलं काहीतरी. ते त्यांनी केलं नाही. सांगितलं की गाडी बघायच्या आदल्या दिवशी निखिल आला होता, याच खुर्चीवर बसला होता. रडवेला झाला होता. ताई, ती माझं ऐकत नाही, तुमचं ऐकते, तुम्हीच काहीतरी करा म्हणाला. आधी नोकरी, मग तिकडेच खोली घेईल, मग आमचं काय, असंही म्हणाला. लोक काय काय बोलतात ते त्याच्याही कानावर होतं.

"आदल्याच वर्षी दोघींनी घरं सोडली होती," विजूताई म्हणाल्या. "तिसरं माझ्या नावावर नको होतं मला. इथेच राहायचंय मला, ह्याच लोकांत. ताट घेऊन त्याच रांगेत उभं राहायचंय."

"माझं घर मोडत नव्हतं, ताई. मला नोकरी लागली होती."

त्यांनी कुर्त्यावरची माती झटकली.

"आणि प्रज्ञा?"

"तिच्यासाठी कोण येणार होतं माझ्याकडे?"

हे मात्र माझ्या वर्मी बसलं. म्हणजे गाडी चांगली होती, रस्ता तोच, बर्फही तोच, बाईपण तेच. फरक एवढाच की तिच्या मागे विनवायला यायला नवरा नव्हता. मी म्हटलं, माझ्या गाडीत तुमचा ब्रेक नव्हता, तरी दाबलात. त्यावर त्यांनी मान खाली घातली आणि पुन्हा मुळ्याची पानं खुडायला लागल्या. मला वाटलं रडतील. रडल्या नाहीत. चहा घेतेस का, असं विचारलं. मी निघून आले.

घरी निखिलला विचारलं. तो आधी नाही म्हणाला, मग हो म्हणाला, मग म्हणाला की मी त्यांना फक्त तुला समजवा म्हटलं होतं, गाडी खराब आहे असं खोटं बोला म्हटलं नव्हतं, ते त्यांचं. दोघांनी मिळून मला घरी बसवलं आणि आता जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतोय. बरेच दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. पण खरं सांगू? निखिलवरचा राग पुढे पुढे निवला. तो घाबरट आहे, आणि मी शूर आहे असं त्याने कधी म्हटलेलं नाही. विजूताईंचं तसं नव्हतं. मला सीट लावायला त्यांनी शिकवलं. मेथी हातात घेऊन शाबास त्या म्हणाल्या. नवऱ्याने फसवलं तर बाई ज्या घरी जाऊन रडेल, ते माझ्यासाठी त्यांचंच घर होतं. आता रडायला जाणार कुठे?

मी त्यानंतर कुणाला न विचारता एक जुनी गाडी घेतली. निळी. फी भरून एक अनोळखी मेकॅनिक आणला, त्याने दोन पानी अहवाल दिला, मी तो स्वयंपाकघरात उभी राहून दोनदा वाचला आणि सही केली. बालारॅटची ती जागा केव्हाच भरली होती. पण त्यांनी मला कॅज्युअल, म्हणजे तासांवर, घेतलं, आठवड्यातून तीन दिवस. मला इथला अनुभव नव्हता, तो असा मिळतोय. डोंगर चढताना मी अजून बडबडते. धुकं आहे, पुढच्या ट्रकचे दिवे दिसतायत, मी अंतर ठेवतेय. दुसरी कुठली पद्धत मला येतच नाही, त्याला मी काय करू.

विजूताई दिसतात अधूनमधून. कार्यक्रमांना आम्ही हॉलच्या दोन टोकांना असतो. नवीन आलेल्या मुली माझ्यासमोर त्यांचं कौतुक करतात आणि मी मान डोलावते. कुणालाही काही सांगितलेलं नाही मी, कारण त्या खरंच उत्तम शिकवतात आणि त्या मुलींना गाडी यायला हवी.

गेल्या जूनमधली गोष्ट. दुपारी शिफ्टवरून परत येत होते. बालन रोडच्या सिग्नलला डाव्या लेनमध्ये उभी होते. उजवीकडून शिकाऊ चालकाची पिवळी एल पाटी लावलेली गाडी हळूहळू येऊन शेजारी थांबली. स्टिअरिंगवर एक तरुण मुलगी, डोळे ताणलेले, ओठ भराभर हलत होते. तिच्या शेजारी, माझ्या बाजूला, विजूताई. केस सगळे पांढरे झालेले. जॅकेट तेच. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलंच नाही, गाडीकडे पाहिलं, मागून पुढे. मग काच खाली केली. मीही केली, सवयीने.

"मागचा उजवा टायर बदल," त्या म्हणाल्या. "वर डोंगरात आइस धरायला लागलाय."

कशी आहेस नाही, काही नाही. सिग्नल हिरवा झाला, मुलीने गाडी अलगद सोडली, आणि त्या गेल्या.

एक काळ असा होता की विजूताईंनी एवढं म्हटल्यावर मी गाडी तिथेच कडेला लावून चालत घरी गेले असते. त्या दिवशी मी चालवतच घरी आले, वाकून टायर बघितला, मला तो ठीक वाटला. मग मनात यायला लागलं, ही बाई हे आत्ताच का सांगतेय? कुणी सांगायला लावलं? निखिल ओट्यापाशी भाजी चिरत होता. मी विचारलं, विजूताईंशी बोलणं झालं का तुझं इतक्यात? तो म्हणाला, नाही गं, का? मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले आणि मला काही केल्या ठरवता येईना की हा खरं बोलतोय की नाही. टायर मी बदलला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच टायरवर डोंगर चढले, त्याच्या पुढच्या दिवशीही. गवत पांढरं होतं. बॅकस मार्शपुढच्या वळणावर गाडीचा मागचा भाग जरासा, अगदी जरासाच सरकला आणि परत जागेवर आला.

शनिवारी टायरच्या दुकानात नेली. तिथल्या माणसाने चाक काढून फिरवून दाखवलं. आतल्या कडेला टायर असा गुळगुळीत झाला होता की आतली तार दिसायला लागली होती. ह्याच्यावर कुठे कुठे गेलीस, त्याने विचारलं. मी बालारॅट म्हटल्यावर तो म्हणाला, कुणाच्या लक्षात आलं हे?

"मला गाडी शिकवली त्या बाईंच्या," मी म्हणाले. "बुधवारी सिग्नलला सांगितलं त्यांनी."

"मग बुधवारीच का नाही आलीस?"

टायर बदलून घेतला आणि घरी आले. विजूताईंना कळवलं नाही.